कीबोर्डवरचा पझल गेम कंट्रोलरवर खेळता येईल का? वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे आलेत, म्हणून सगळे एकत्रच घेते. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण पुढचं बरंचसं त्याच्यावरच उभं आहे, त्यामुळे ते सोडून पुढे उडी मारू नका.

प्रश्न : ताई, खोके ढकलून खुणेच्या जागी न्यायचे असा एक जुना पझल गेम माझ्याकडे आहे. चार बाण, झेडने चाल मागे, आरने लेव्हल पहिल्यापासून, एस्केपने मेन्यू, बास. सेटिंगमध्ये कंट्रोलरचं नावही नाही. मी एक्सबॉक्सचा पॅड लावला, विंडोजला तो दिसतो, पण गेममध्ये काहीच हलत नाही. पॅड खराब आहे का?

उत्तर : पॅड एकदम ठणठणीत आहे. खात्री करायची तर विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल टाईप करा, जी खिडकी उघडेल त्यात पॅडच्या प्रॉपर्टीजमध्ये बटणं दाबून बघा, दिवे लागले की विषय संपला. अडचण अशी आहे की कीबोर्ड आणि गेमपॅड ही कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळ्या जातीची उपकरणं आहेत, आणि गेम लिहिणाऱ्याने फक्त कीबोर्डकडे कान लावलेला असेल तर पॅडवर कितीही बटणं बडवा, त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

इथे एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो, तो आधी बाजूला काढते. "डीएस फोर विंडोज टाका म्हणजे पॅड चालेल." ते सॉफ्टवेअर प्लेस्टेशनचा पॅड एक्सबॉक्सचा पॅड असल्याचं भासवतं, आणि ज्या गेमला एक्सबॉक्सचा पॅड कळतो तिथे ते फार कामाचं आहे. पण तुमच्या गेमला कुठलाच पॅड कळत नाही, मग वेषांतर करून काय उपयोग? (त्यातही बटणाला की जोडायची सोय आहे म्हणा, पण लोक सांगतात ते त्यासाठी नाही.)

तुम्हाला हवाय तो की मॅपर, म्हणजे पॅडचं बटण दाबलं की सिस्टीमला "उजवा बाण दाबला" असं कळवणारा मधला दुभाष्या. गेमला वाटतं कीबोर्डच दाबला. विंडोजवर जॉयटूकी हे जुनं, हलकं आणि पटकन समजणारं. अँटीमायक्रोएक्स हे ओपन सोर्स, फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, त्यात स्क्रीनवर पॅडची बटणं दिसतात, एकावर क्लिक केलं की कीबोर्डचं चित्र येतं, हवी ती की निवडायची. तिसरा मार्ग स्टीम, म्हणजे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. गेम स्टीमवरून घेतलेला नसला तरी लायब्ररीत नॉन-स्टीम गेम म्हणून टाकता येतो आणि मग स्टीम इनपुटमधून बटणं जोडता येतात. तिन्हीपैकी एकच निवडा, दोन एकदम चालू ठेवू नका, कारण खाली एका प्रश्नात कळेलच.

आता बटणं कुठे काय लावायची, कारण इथेच बहुतेक जण पाच मिनिटांत उरकतात आणि मग म्हणतात कंट्रोलरवर मजा येत नाही. बाण डी-पॅडवर लावा, म्हणजे त्या अधिक चिन्हासारख्या चार दिशांच्या बटणावर. स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने सगळीकडे फिरवायच्या दांडीवर, नको. (मॅपर पॅड जुन्या पद्धतीने वाचत असेल तर त्यात डी-पॅड पीओव्ही ह्या नावाने दिसतो, बटणांच्या यादीत शोधत बसू नका.) खोके ढकलायच्या गेममध्ये एक चुकीचं पाऊल म्हणजे खोका कोपऱ्यात अडकला आणि लेव्हल गेली, आणि स्टिक ही मुळात अशा नेमक्या पावलांसाठी नाहीच. ती प्रत्येक अक्षावर उणे ३२७६८ ते ३२७६७ असा आकडा पाठवते, त्यातला मधला काही भाग डेड झोन म्हणून सोडून द्यावा लागतो, मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटमध्ये, म्हणजे एक्सबॉक्सचा पॅड वाचायच्या विंडोजच्या पद्धतीत, डाव्या स्टिकसाठी ७८४९ हा आकडा सुचवलाय म्हणजे जवळपास चोवीस टक्के, आणि एवढं करूनही स्टिक झटकन सोडली की ती मध्यावर थांबायच्या आधी किंचित पलीकडे जाऊन येते, डेड झोन लहान ठेवलेला असेल तर मॅपरला वाटतं उलटा बाण दाबला. तिरकी गेली तर दोन बाण एकदम. रेसिंगला छान, खोक्यांना नाही. ज्याच्या पॅडचा डी-पॅड मोडलाय त्याने स्टिक जरूर वापरावी, पण डेड झोन निम्म्यापर्यंत वाढवून आणि तिरक्या दिशा बंद करून. अँटीमायक्रोएक्समध्ये फक्त चार दिशांचा मोड आहे, तो डी-पॅडलाही लावून टाका, अंगठा घसरून तिरकं दाबलं जातं ते त्याने थांबतं.

जाता जाता, सोकोबान हा खोके ढकलायचा मूळ जपानी गेम १९८२ चा, आणि गुनपेई योकोई ह्यांनी केलेला अधिक चिन्हाचा डी-पॅड निन्टेंडोच्या गेम अँड वॉच डाँकी काँगवर आला तोही १९८२ लाच. एकाच वर्षी, एकाच देशात, आणि दोन्हींना चारच दिशा माहीत. तरी सोकोबान पहिल्यांदा आला तो कॉम्प्युटरवर.

बाकी बटणांचं माझं मत असं. चाल मागे घेणं हे पझल गेममध्ये बाणांखालोखाल सगळ्यात जास्त लागतं, त्यामुळे ते डाव्या किंवा उजव्या शोल्डर बटणावर (पॅडच्या वरच्या कडेला असतं ते), म्हणजे अंगठा डी-पॅडवरून न उचलता तर्जनीने दाबता येतं. रिस्टार्ट मात्र मुद्दाम अवघड जागी ठेवा. कीबोर्डवर आर दाबायला हात हलवावा लागतो म्हणून चुकून दाबला जात नाही, पॅडवर ए आणि बीच्या शेजारी ठेवलात तर रोज एकदा तरी अर्धी सोडवलेली लेव्हल उडणार. स्टीम इनपुटमध्ये लाँग प्रेस आहे, अँटीमायक्रोएक्समध्ये ॲडव्हान्स्डमध्ये होल्ड आहे, त्यातलं काहीतरी लावून रिस्टार्ट सेकंदभर धरून ठेवल्यावरच होईल असं करा. एस्केप मेन्यू बटणावर, एंटर ए वर. मधल्या मोठ्या एक्सबॉक्स बटणाला हात लावू नका, ते विंडोज स्वतःसाठी वापरतं. आणि प्रोफाईल सेव्ह करून गेमच्या फाईलशी जोडून ठेवा म्हणजे गेम सुरू झाला की तेच प्रोफाईल लागतं, नाहीतर डी-पॅडला बाण चिकटलेले विसरून दुसरा गेम उघडता आणि तिथे गोंधळ.

प्रश्न : मॅपर लावला, चालतोय. पण कीबोर्डवर बाण दाबून धरला की माणूस चालत राहतो, पॅडवर धरला तर एकच घर जातो आणि थांबतो. माझ्या भावाच्या दुसऱ्या एका गेममध्ये उलटं, जरा दाबलं की तीन घरं पळतो! सेटिंग तर दोघांची सारखीच आहे.

उत्तर : ह्या सगळ्या विषयातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. गेम कीबोर्ड दोन प्रकारे वाचतात. एक प्रकार "की दाबल्याची खबर आली" की एक पाऊल टाकतो. दुसरा प्रकार दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलतं त्या प्रत्येक वेळी, विचारतो, "बाण आत्ता दाबलेला आहे का?" आणि हो असेल तर चालत राहतो.

पहिल्या प्रकारात, तुम्ही खरा कीबोर्ड धरून ठेवता तेव्हा विंडोज तीच खबर पुन्हा पुन्हा देत राहतं. वर्डमध्ये एखादं अक्षर धरून ठेवलं की ओळ भरते ना, तेच हे रिपीट. पण ते तयार होतं खऱ्या कीबोर्डच्या ड्रायव्हरपाशी, आणि मॅपरने घुसवलेली की त्याच्या वरच्या पायरीवर आत येते, त्यामुळे तिला रिपीट मिळतच नाही. एकदा दाबल्याची खबर, एकदा सोडल्याची, संपलं. म्हणून एक घर. उपाय मॅपरमध्येच आहे, जॉयटूकीत ऑटो रिपीट, अँटीमायक्रोएक्समध्ये टर्बो, दोन्हींचा अर्थ धरलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं करणं. लिनक्सवर मॅपर खोटा कीबोर्डच उभा करतो आणि रिपीट बऱ्याचदा आपोआप येतं, तिथे आधी नुसतं करून बघा.

टर्बो चालू करताना एक कळीची गोष्ट. विंडोजचं कीबोर्ड रिपीट लगेच सुरू होत नाही, आधी पाव सेकंद ते एक सेकंद थांबतं, मग सेकंदाला साधारण अडीच ते तीस वेळा, जशी सेटिंग असेल तसं. ती सुरुवातीची थांबण फार महत्त्वाची आहे, तिच्यामुळेच एक टिचकी म्हणजे एकच पाऊल राहतं. टर्बोला ती थांबण नसेल आणि वेग जास्त असेल तर टिचकीत दोन पावलं पडणार. निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवरच्या १९८९ च्या टेट्रिसमध्ये (अमेरिकी आवृत्तीत) हे किती विचार करून बसवलेलं होतं बघा, बटण धरलं की तुकडा लगेच एक घर सरकतो, मग १६ फ्रेम गप्प, मग दर ६ फ्रेमला एक घर. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर पहिली थांबण पाव सेकंदाच्या जराशी वर आणि नंतरचा वेग सेकंदाला दहा घरं. खोक्यांच्या गेमला दहा जास्त होतात, मी पाच ते सहावरच ठेवते, आणि सुरुवातीची थांबण लावायची सोय मॅपरमध्ये नसेल तर बाणांना टर्बो लावतच नाही, फक्त चाल मागे घ्यायच्या बटणाला लावते. तिथे एखादी चाल जास्त मागे गेली तरी काही बिघडत नाही, बाणाचं एक जास्तीचं पाऊल मात्र महागात पडतं.

तुमच्या भावाचा गेम दुसऱ्या प्रकारचा असणार. तो दर फ्रेमला विचारतो, त्याला टर्बोची गरजच नाही, लावलेला असेल तर काढून टाका. त्यानेही पळत असेल तर तो गेमचाच वेग आहे, कीबोर्डवरही तसाच पळत असेल, फक्त तिथे बोट चटकन उचललं जातं. ह्या प्रकाराची उलटी अडचणही येते, मॅपरने की इतकी कमी वेळ दाबली की दोन फ्रेमच्या मध्येच सुटली, तर गेमला पत्ताच लागत नाही आणि चार टिचक्यांत एखादी हुकते. साठ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलीसेकंद, त्यामुळे की निदान तीस-चाळीस मिलीसेकंद दाबलेली राहील असं करा.

प्रश्न : नोटपॅड उघडून पॅडचं बटण दाबलं की अक्षर उमटतं, म्हणजे मॅपर बरोबर आहे. पण गेममध्ये काहीच नाही. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या एका गेममध्ये बाण चालतात पण झेड आणि आर चालत नाहीत!

उत्तर : ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत. पहिलीत, गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि मॅपर साधा असेल तर विंडोज मॅपरच्या कीज गेमपर्यंत जाऊच देत नाही, व्हिस्टापासून तसं आहे आणि सुरक्षेसाठी योग्यच आहे. मॅपरलाही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, किंवा त्यापेक्षा बरं म्हणजे गेमला तसं चालवायची खरंच गरज आहे का ते बघा, बहुतेकदा नसते. तरीही नाही चाललं तर गेम कीचं नाव न बघता तिचा स्कॅन कोड (कीबोर्डवरच्या त्या कीच्या जागेचा आकडा) बघत असेल, मग तो पाठवणारा दुसरा मॅपर लावून बघा.

दुसरीचं कारण तुमच्या टास्कबारवर दिसत असेल. भाषा मराठी आहे का? इनस्क्रिप्ट लेआऊटवर आर दाबला की ी येतो. जो गेम "कुठलं अक्षर आलं" ते बघतो त्याला आर मिळतच नाही, त्याला दीर्घ वेलांटी मिळते आणि तिचं काय करायचं ते त्याला माहीत नाही. बाणांना लिपी नसते म्हणून ते चालत राहतात. उच्चारानुसार टाईप करायचं साधन चालू असेल तर ते अक्षर पुढे जायच्या आधीच गिळून बसतं, ते आणखी वाईट. गेमच्या आधी भाषा इंग्रजी करा, एवढंच. हे पॅडशिवाय नुसत्या कीबोर्डवरही होतं, पण तेव्हा भाषा आपल्या लगेच लक्षात येते, पॅड हातात असला की आपण पॅडवर खापर फोडतो.

एक छोटं, एखादा गेम शिफ्ट वापरत असेल आणि तुम्ही ते बटणावर लावलंत तर पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीजची (शिफ्टसारख्या कीज धरून न ठेवता वापरायच्या विंडोजच्या सोयीची) खिडकी मध्येच उगवेल. सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करून ठेवा.

प्रश्न : ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पझल गेमचं काय? पझलस्क्रिप्टमध्ये केलेले बरेच गेम मी खेळते.

उत्तर : स्टीफन लॅव्हेल ह्यांनी २०१३ मध्ये आणलेलं पझलस्क्रिप्ट हे पझल गेम बनवायचं साधन, त्यातल्या गेमना बाण, एक्स कृतीसाठी, झेड मागे, आर पहिल्यापासून, इतक्याच कीज लागतात, त्यामुळे पॅडला ह्याच्याइतकं सोयीचं काही नाही, आणि एकदा केलेलं प्रोफाईल त्यातल्या जवळपास सगळ्या गेमना चालतं. ब्राउझरना पॅड वाचता येतो, पण त्या पानाने तो वाचायचं ठरवलेलं असलं तरच, नाहीतर इथेही मॅपरच. पानावर एकदा क्लिक करून मग खेळा, नाहीतर बाणांनी गेमऐवजी पान वरखाली होतं. ब्राउझरमध्ये टाकायची एक्स्टेन्शन वापरण्यापेक्षा बाहेरचा मॅपर बरा, कारण एक्स्टेन्शनने पानाच्या आतून तयार केलेल्या कीज खऱ्या नाहीत हे पानाला ओळखता येतं आणि काही गेम त्या सरळ सोडून देतात.

प्रश्न : एकदा दाबलं की दोन पावलं पडतात. टर्बो बंद आहे, शपथ!

उत्तर : शपथ कशाला, विश्वास आहे. दोन जण एकच निरोप पोचवतायत. स्टीम मागे चालू आहे का बघा, त्याचं डेस्कटॉप लेआऊट (गेमबाहेर पॅडने कॉम्प्युटर वापरायची बटणांची मांडणी) लागलेलं असलं की डी-पॅडचे बाण ते स्वतःच पाठवतं, वर तुमचा मॅपर पाठवतो, झाली दोन पावलं. स्टीम पूर्ण बंद करा किंवा ते लेआऊट रिकामं करा. तेही नसेल तर गेमला पॅड थोडासा कळत असणार, काही गेममध्ये डी-पॅड चालतो पण बाकी बटणं नाहीत असा अर्धवट प्रकार असतो, तिथे मॅपरमधून फक्त बाण काढा आणि बाकीची बटणं ठेवा.

प्रश्न : डॉसबॉक्समधल्या जुन्या गेमसाठीही हेच करायचं का?

उत्तर : चालेल, पण गरज नाही. डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात स्वतःचा मॅपर आहे. पॅड आधी लावा, मग डॉसबॉक्स सुरू करा, कंट्रोल आणि एफ वन दाबा, चित्रातली की निवडा, ॲड म्हणा, पॅडचं बटण दाबा, शेवटी सेव्ह. बाहेरचं काही चालू ठेवावं लागत नाही. मॅकवाल्यांनी बाहेरचा मॅपर वापरताना सिस्टीम सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची राहिली नाही ना ते बघावं, ती नसली की मॅपर चालू दिसतो पण काही करत नाही.

प्रश्न : माझ्या आईचा उजवा हात नीट चालत नाही. तिला असे पझल गेम फार आवडतात, पण बाण एका बाजूला आणि झेड दुसऱ्या टोकाला, तिला ते जमत नाही. पॅड तर दोन हातांनीच धरावा लागतो.

उत्तर : तुमच्या आईंसाठी मॅपर खरंच उपयोगी पडेल. साधा पॅड टेबलावर ठेवून किंवा मांडीवर टेकवून डाव्या हातानेच खेळता येतो, कारण लागणारं सगळं डाव्या अर्ध्या भागात बसवता येतं, डी-पॅडवर बाण, डाव्या शोल्डरवर चाल मागे, डावी स्टिक खाली दाबली की एंटर, आणि रिस्टार्ट डाव्या ट्रिगरवर (शोल्डरच्या खालच्या बटणावर) धरून ठेवून. असे गेम वेळेशी स्पर्धा लावत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पॅड धरणंच त्रासाचं असेल तर मायक्रोसॉफ्टचा २०१८ साली आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर बघा. सपाट आहे, वर दोन मोठी गोल बटणं आहेत आणि मागे साडेतीन मिलीमीटरच्या १९ खाचा, त्यात हवी तशी मोठी बटणं किंवा पायाने दाबायचे स्विच जोडता येतात. कॉम्प्युटरला तो एक्सबॉक्सचाच पॅड दिसतो, म्हणजे वरचं सगळं त्यालाही लागू. विकत घ्यायच्या आधी मात्र त्यांना साध्या पॅडवर आठवडाभर खेळू द्या आणि कुठलं बटण दाबताना हात अडतो ते बघा, नाहीतर आपण आपल्या मनाने स्विच आणतो आणि ते पडून राहतात. बटणं कुठे हवीत हे त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : मॅपर वापरला म्हणून अकाऊंट बंद होईल का?

उत्तर : एकट्याने खेळायच्या पझल गेममध्ये कोण बघतंय! ऑनलाईन स्पर्धेचे, अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) असलेले गेम उघडायच्या आधी मात्र मॅपर बंद करा, विशेषतः टर्बो.

प्रश्न : शब्द ओळखायच्या गेमसाठी सव्वीस अक्षरं पॅडवर कशी बसवायची?

उत्तर : बसतात. अँटीमायक्रोएक्समध्ये आठ सेट करता येतात, एक बटण धरलं की बाकीच्या बटणांचा अर्थ बदलतो, स्टीम इनपुटमध्ये गोल मेन्यू आहेत, हौस असेल तर सगळं जमवता येईल. पण पाच अक्षरी शब्द टाकायला दहा-पंधरा बटणं दाबायची आणि कुठल्या सेटमध्ये के आहे ते आठवत बसायचं, त्यात कोडं राहिलं बाजूलाच. ह्या गेमना कीबोर्डच घ्या. सोफ्यावर बसून खेळायचंय म्हणून विचारत असाल तर छोटा वायरलेस कीबोर्ड मांडीवर ठेवा.